परमिट रूमची पाटी काय सांगते?

अंधेरी स्टेशनच्या बाहेर पडलं की पाट्यांचं जंगल सुरू होतं. क्लासेस, झेरॉक्स, पेइंग गेस्ट, वडापाव आणि मधूनच एक ठळक पाटी, 'परमिट रूम अँड बार'. बोरिवलीला जा, मुलुंडला जा, घाटकोपरला जा, ही पाटी काही तुमची पाठ सोडत नाही. आमच्या वर्गातल्या दिल्लीच्या एका मुलाने एकदा भाबडेपणाने विचारलं, "हे परमिट म्हणजे कसलं परमिट?" आणि गंमत म्हणजे बाकावर बसलेल्या आम्हा सहा मराठी मुलामुलींपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही!

(रेक्टर मॅडम, घाबरू नका. लेख दारूवर नाही. तो राजकारणावर आहे, म्हणजे त्याहून मोठ्या नशेवर आहे.)

उत्तर असं आहे की महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने आजही परवाना लागतो. एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा थेट आयुष्यभराचा. तो नसेल तर तुम्ही कायदा मोडताय. आपल्यापैकी किती जणांच्या काकांकडे, मामांकडे असा कागद आहे हे विचारण्यात अर्थ नाही! पण हा नियम आला कुठून? तो आला एका स्वप्नातून. आपल्या राज्यकर्त्यांनी एकेकाळी ठरवलं होतं की या प्रांतात कोणी दारू पिणारच नाही. कमी पिणार वगैरे नाही, पिणारच नाही. 'परमिट रूम' ही त्या स्वप्नाची उरलेली पाटी आहे.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांनी मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ झाला आणि एप्रिल १९५० पासून अख्ख्या मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली.

आता हे लक्षात घ्या की ही माणसं वाईट नव्हती. उलट फार चांगली होती. तुरुंगात गेलेली, साधी राहणारी. त्यांच्यासमोरचा प्रश्नही खोटा नव्हता. गिरणी कामगाराचा पगार घरी पोचण्याआधी गुत्त्यावर पोचायचा आणि मार बायकोला खावा लागायचा. हा प्रश्न आजही खोटा नाही. जून २०१५ मध्ये इथेच, मालाडच्या मालवणीत, विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं मेली. त्यामुळे 'दारू ही ज्याची त्याची मर्जी' असं म्हणून मोकळं होणाऱ्यांपैकी मी नाही.

पण मग झालं काय? दारू थांबली नाही, फक्त तिचा पत्ता बदलला. काळा गूळ आणि नवसागर घालून हातभट्टी लागू लागली. 'आंटी'चे अड्डे मुंबईच्या भाषेत आणि पुढे हिंदी सिनेमातही जाऊन बसले. हातभट्टीच्या पैशावर वरदराजन मुदलियारसारखे लोक मोठे झाले आणि हप्ता हा शब्द पोलीस चौकीला कायमचा चिकटला. श्रीमंतांना मात्र वाट होती. डॉक्टरकडून प्रकृतीचं कारण लिहून आणा आणि परमिट घ्या. म्हणजे एकाच शहरात एकाच गोष्टीसाठी साहेब आजारी ठरायचा आणि हमाल गुन्हेगार ठरायचा.

यानंतर जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कायदा चालत नाही म्हटल्यावर 'आपला हिशोब चुकला की काय?' असा प्रश्न पडायला हवा होता. तसं झालं नाही. 'कायदा कमी पडतोय' असं ठरलं! मुळात या कायद्यात दारू पिणं तर सोडाच, दारूची वाखाणणी करणं हासुद्धा गुन्हा होता. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने कायदा एकंदरीत कायम ठेवला, पण वाखाणणीचं ते कलम आणि अल्कोहोल असलेल्या औषधांवरची, प्रसाधनांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली. पुढे १९५९ च्या दुरुस्तीने रक्ततपासणी आली. रक्तात अल्कोहोल ०.०५ टक्के निघालं की ते औषधातून आलं वगैरे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर! बघा हं, सुरुवात झाली माणसाचं भलं करण्यापासून, आणि पोचलो कुठे, तर त्याच्या तोंडातल्या शब्दांपर्यंत आणि शिरेतल्या रक्तापर्यंत.

साठीच्या दशकापासून सरकारने हळूहळू हा कायदा सैल केला. पण रद्द केला नाही. कारण रद्द करणं म्हणजे स्वप्न हरलं असं कबूल करणं. नाव बदलून तो आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा झालाय. आणि याच दारूबंदीवाल्या राज्याला अलीकडे दारूवरच्या उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त रुपये मिळतात! एका हाताने बंदी, दुसऱ्या हाताने वसुली.

नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला मॉरल सायन्सचा तास असायचा. तिथे सर थॉमस मोर यांची गोष्ट आम्हाला सांगितली होती. चर्चने संतपद दिलेला हा माणूस. त्याने १५१६ मध्ये 'युटोपिया' नावाचं पुस्तक लिहिलं. एका आदर्श बेटाचं वर्णन. पण त्या शब्दाचा ग्रीक अर्थ सिस्टरनी सांगितला तेव्हा वर्ग हसला होता. अर्थ आहे 'कुठेच नसलेली जागा'. म्हणजे नाव ठेवतानाच त्याने ते कुठेच नाही असं सांगून टाकलं होतं. गडबड तेव्हा होते, जेव्हा कोणीतरी ती जागा नकाशावर आणायला निघतो, आणि त्याच्या हातात पोलीस असतात.

तुम्ही म्हणाल, दारूबंदीने एवढं काय आकाश कोसळलं? ठीक आहे. मग १९७६ सालात या.

२५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर झाली. गाड्या वेळेवर धावतात, ऑफिसात माणसं जागेवर सापडतात, असं कौतुक तेव्हा खूप झालं आणि आपल्या आजोबांच्या पिढीत आजही ऐकू येतं. त्याच काळात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक विधेयक मंजूर केलं. तीन मुलं झाली की नसबंदी सक्तीची, नाही केली तर शिक्षा. सक्तीच्या नसबंदीचं असं विधेयक मंजूर करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं, पुरोगामी महाराष्ट्र! राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पण देशभर कोटा ठरवून नसबंद्या चालूच होत्या. १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांहून जास्त झाल्या. शिक्षकांना, तलाठ्यांना 'केसेस' आणायचं टार्गेट असायचं. हा शब्द ऐकून प्लेसमेंट सेलची आठवण आली ना? फक्त इथे आकडा भरायचा होता माणसांच्या शरीरांनी.

लोकसंख्येचा प्रश्न खोटा होता का? नाही. याच मुंबईत, गिरगावात, १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. गणिताचा हा प्राध्यापक. विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, कोर्टकचेऱ्या झाल्या, समाजाने वाळीत टाकल्यासारखं केलं. तरी १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ते 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत राहिले. त्यांच्याकडे पोलीस नव्हते, कोटा नव्हता. ते फक्त सांगत होते, आणि ज्याला पटेल तो येत होता. कर्व्यांनी तीस वर्षांत हळूहळू जो विश्वास जमवला, त्याला आणीबाणीने दोन वर्षांत काळं फासलं. १९७७ नंतर सरकारला 'कुटुंब नियोजन' हे नावच बदलून 'कुटुंब कल्याण' करावं लागलं, इतका तो शब्द बदनाम झाला. जबरदस्ती माणसांचं नुकसान करते आणि वर ज्या चांगल्या कामासाठी ती केली त्या कामाचंही नुकसान करते.

आता आपण इंजिनिअर (म्हणजे होणार आहोत, एटीकेटीची कृपा असेल तर!), म्हणून हा प्रकार आपल्या भाषेत बघू. असं का होतं?

पहिली गोष्ट म्हणजे टॉलरन्स. वर्कशॉपमध्ये पहिल्या सेमिस्टरला आपल्याला शिकवतात की कुठलाही शाफ्ट ड्रॉइंगवरच्या मापाचा अगदी तंतोतंत बनत नाही. अधिक-उणे काहीतरी द्यावंच लागतं. टॉलरन्स शून्य लिहिलं तर मास्तर जॉब फेकून देतात, कारण तो बनवताच येत नाही. परिपूर्ण समाजाचं ड्रॉइंग हे शून्य टॉलरन्सचं ड्रॉइंग असतं. त्यात प्रत्येक खरा माणूस रिजेक्ट होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फीडबॅक. कंट्रोल सिस्टिमचं पहिलं लेक्चर आठवा. आउटपुट मोजून परत इनपुटला दिलं नाही तर सिस्टिम कुठे जाईल सांगता येत नाही. चीनमध्ये १९५८ ते १९६२ या काळात माओने 'मोठी झेप' घेतली. खालचे अधिकारी घाबरून पिकाचे फुगवलेले आकडे पाठवायचे, त्या आकड्यांवर सरकार धान्य उचलायचं आणि पिकवणारा उपाशी राहायचा. १९५९ मध्ये संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी माओला पत्र लिहून हे सांगितलं. त्यांनाच पदावरून काढलं. त्या दुष्काळात किती माणसं गेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. सेन्सर खराब रीडिंग देतो म्हणून सेन्सरच काढून टाकला! आपल्याकडे आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप होती, तीही याच जातीची. कऱ्हाडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत उघडपणे बोलल्या, आणि पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं.

तिसरी गोष्ट म्हणजे हिशोब. ध्येय जर साक्षात स्वर्ग असेल तर त्यासाठी दिलेली कुठलीही किंमत कमीच वाटते. आज दहा घरं पाडू, हजार माणसं आत टाकू, पण पुढच्या शंभर पिढ्या सुखात राहतील! या हिशोबात फायदा अनंत आहे आणि तो उद्याचा आहे. तोटा आजचा आहे आणि तो दुसऱ्याचा आहे. असं गणित कधीच लॉसमध्ये जात नाही. म्हणूनच ते भयंकर आहे.

कार्ल पॉपर नावाच्या विचारवंताने १९४५ मध्ये हेच मांडलं होतं, आणि शब्द चक्क आपलाच वापरला होता, इंजिनिअरिंग! एक इंजिनिअरिंग अख्खा समाज पाडून नव्याने बांधायला निघतं. दुसरं तुकड्या-तुकड्याने चालतं. एक दुखणं धरायचं, एक उपाय करायचा, परिणाम बघायचा, चुकलं तर मागे यायचं. पॉपर दुसऱ्याच्या बाजूने होता. मीही आहे.

यावर होस्टेलच्या गच्चीवरून दोन आक्षेप नक्की येणार. पहिला: "मग कायद्याने काहीच बदलायचं नाही का? अस्पृश्यता कायद्यानेच गेली ना?" प्रश्न बरोबर आहे. पण फरक बघा. राज्यघटनेचं कलम १७ सगळ्यांना संत बनवायला जात नाही. ते एका विशिष्ट अन्यायावर बोट ठेवतं आणि म्हणतं, हे करायचं नाही. कोणाला तरी छळण्यापासून तुम्हाला थांबवणं वेगळं आणि तुम्हाला आदर्श बनवण्यासाठी छळणं वेगळं. आणि ही घटना लिहिणारे बाबासाहेब इतके सावध होते की त्यांनी ती बदलायची सोयही आतच ठेवली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावलं होतं की धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. ज्या माणसाला सगळ्यात जास्त राग यायचा हक्क होता, त्यानेही 'मला पाच वर्षं सगळी सत्ता द्या' असं म्हटलं नाही.

दुसरा आक्षेप: "राळेगणसिद्धीत नाही का झालं आदर्श गाव?" झालं, आणि तिथल्या पाणलोटाच्या कामाचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. बांध घातले, पाणी मुरलं, विहिरी भरल्या. हा मोजता येणारा उपाय होता. पण त्याच गावात दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून फटके दिले जायचे, हे अण्णा हजारेंनी स्वतःच सांगितलेलं आहे. छोट्या गावात मारणारा आणि मार खाणारा एकमेकांना ओळखतात, दुसऱ्या दिवशी एकाच पारावर बसतात. तोच खांब राज्याच्या, देशाच्या हातात दिला तर? तिथे फटके मारणारा तुमचं नावही विचारणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली होती. अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढली असं कारण देऊन २०२१ मध्ये सरकारला ती उठवावी लागली. म्हणजे ६५ वर्षांनी आपण तोच पेपर पुन्हा दिला आणि त्याच प्रश्नात अडकलो.

मग करायचं काय? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको, वेस्टर्न लाइनने गोरेगावला उतरा. राम मंदिर स्टेशनजवळ मृणालताई गोरे उड्डाणपूल आहे. कोण होत्या या? डॉक्टरकीचं शिक्षण सोडून राजकारणात आलेली एक मुलगी. १९६१ मध्ये नगरसेवक झाल्या, आणि त्यांचं राजकारण कशाभोवती फिरलं, तर नळाच्या पाण्याभोवती! लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायचे. महागाईविरुद्ध त्यांनी बायकांचा लाटणे मोर्चा काढला. आणीबाणीत भूमिगत झाल्या, तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये खासदार झाल्या. पुढे सहकाऱ्यांसोबत गोरेगाव पूर्वेला नागरी निवारा परिषदेमार्फत सामान्य माणसांसाठी सहा हजारांवर घरं उभी केली. २०१२ मध्ये त्या गेल्या. समाजवादी होत्या, त्यांच्या डोळ्यांपुढेही समतेचं मोठं स्वप्न होतं. पण त्या स्वप्नाचं माप त्या नळाला पाणी आलं की नाही यावर घेत होत्या. नळ कोरडा असेल तर बायका दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दारात येऊन विचारू शकत होत्या. हाच तो फीडबॅक.

आणि दारूचं म्हणाल तर त्यावरही आपल्या राज्याने शहाणपणाचा एक उपाय काढलाय. 'उभी बाटली, आडवी बाटली'! गावातल्या, वॉर्डातल्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, मागणी करायची, मतदान घ्यायचं, आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली तर तिथलं दुकान बंद. कोणालाही संत व्हायला सांगितलेलं नाही. ज्या बाईला त्रास होतो ती ठरवते, तिच्या गल्लीपुरतं ठरवते. आणि चुकलं तर नुकसानही गल्लीपुरतंच. मोरारजींच्या कायद्यात ज्या बाईच्या नावाने सगळं चाललं होतं तिला कोणी विचारलंच नव्हतं. इथे तिच्या हातात शिक्का आहे.

हे सगळं आत्ता का लिहावंसं वाटलं? कारण मेसमध्ये रोज रात्री एक वाक्य ऐकू येतं. लोकल लेट झाली, रस्ता खचला, पेपर फुटला, की कोणीतरी पोळी तोडता तोडता म्हणतं, "या देशाला ना, एक कडक हुकूमशहा पाहिजे. पाच वर्षांत सरळ करेल सगळं." आणि टेबलावरचे सगळे माना डोलावतात. हे म्हणणारे माझे मित्रमैत्रिणी मठ्ठ नाहीत, उलट हुशार आहेत. हुशार आहेत म्हणूनच त्यांना वाटतं की देश हा एक प्रॉब्लेम आहे आणि त्याचं एक सोल्यूशन आहे. प्रत्येक पक्षाकडे, डाव्या असो वा उजव्या, असं एक सोल्यूशन तयारच असतं. कोणाचा स्वर्ग मागे आहे, कोणाचा पुढे आहे, एवढाच काय तो फरक.

म्हणून पुढच्या वेळी कोणी, मग तो नेता असो की शेजारच्या खोलीतला रूममेट, तुम्हाला परिपूर्ण समाजाचा नकाशा दाखवला, तर त्याला चार प्रश्न विचारा. तुझ्या नकाशात 'नाही' म्हणणाऱ्याचं काय होणार? चुकलं हे तुला कोण सांगणार, आणि सांगणारा नंतर कुठे असणार? चुकलं तर मागे कसं येणार? आणि किंमत कोण भरणार, तू की दुसराच कोणी? चारही प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली तर जरूर त्याच्याबरोबर जा, काम करा, घाम गाळा. राजकारणापासून लांब पळा असं मी मुळीच म्हणत नाही. नळ आपोआप येत नाहीत.

पण उत्तरं मिळण्याऐवजी तो चिडला आणि "तू देशाच्या प्रगतीच्या आड येतेस" असं म्हणाला, तर समजा की आपलं नाव त्याच्या रिजेक्शनच्या यादीत आत्ताच गेलं आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी